लांब पल्ल्याची सायकल : रस्ता का चुकतो, सामान कुठे दगा देतं?

दोनचाकी

२०० किमीच्या राईडला पुरणाऱ्या सवयी ४००-६००ला अपुऱ्या पडतात. ब्रेव्हेच्या (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) कमाल वेळा बघा: २०० किमीला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७ आणि ६००ला ४०. ४००च्या पुढे किमान एक अख्खी रात्र सायकलवर जाणारच. बॅटरी संपते ती रात्री, अंगात त्राण नसतं तेही रात्री, आणि वळण हुकतं तेही तेव्हाच. स्वतःच्या सामानावर चार-पाच दिवसांची टूर असेल तरी हिशोब हाच, फक्त वजन वाढतं.

या धाग्यात दोनच विषय ठेवूया: रस्ता आणि सामान. सराव आणि आहार यांच्यासाठी वेगळा धागा काढता येईल.

सुरुवात मार्गाच्या फाईलपासून, म्हणजे सायकलवरच्या जीपीएस यंत्रात भरतो तिच्यापासून. रस्ता बहुतेक वेळा रस्त्यावर चुकत नाही, घरी फाईल बनवतानाच चुकलेला असतो.

जीपीएक्स (मार्गाच्या फाईलचा नेहमीचा प्रकार) फाईलच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. ट्रॅक म्हणजे हजारो बिंदूंची ओळ, काढली तशीच दिसणारी. रूट म्हणजे मोजकेच बिंदू, त्यांच्यामधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून आणि स्वतःच्या सेटिंगप्रमाणे शोधतं. वेपॉइंट म्हणजे सुटे ठिपके: कंट्रोल (ब्रेव्हेत हजेरी नोंदवायची जागा), पाणी, मुक्काम. रूट दिलात तर एकाच फाईलवरून दोघांची यंत्रं दोन वेगळे रस्ते दाखवू शकतात, कारण एकाने कच्चे रस्ते टाळायला सांगितलेलं असतं आणि दुसऱ्याने नाही. म्हणून फाईल नेहमी ट्रॅकच असावी आणि यंत्रातलं रिकॅल्क्युलेशन (रस्ता आपोआप नव्याने काढणं) बंद असावं. ते चालू असेल तर एक वळण हुकताच यंत्र स्वतःचा नवा रस्ता काढतं. तो मूळ मार्गाला कुठेतरी दहा किमी पुढे मिळतो, आणि मधला कंट्रोल गेला!

---

मधला_आरा

सहमत. एक भर घालतो. ट्रॅक दिला की वळणाच्या सूचना मिळतीलच असं नाही. साध्या जीपीएक्स ट्रॅकमध्ये फक्त रेघ असते. 'डावीकडे वळा, २०० मीटर' हे हवं असेल तर टीसीएक्स किंवा फिट फॉरमॅटमध्ये फाईल उतरवा, त्यात सूचना बिंदूंना जोडून येतात. काही यंत्रं नुसत्या रेघेवरूनही आतल्या नकाशाच्या मदतीने वळणं ओळखतात, पण रेघ आणि नकाशातला रस्ता जुळला नाही तर गप्प बसतात. आपलं यंत्र काय करतं ते घराभोवतीच्या ५ किमीच्या फाईलवर तपासा.

---

रेघोटी

फाईल तपासायची म्हणजे नेमकं काय करायचं? पूर्ण ४०० किमी झूम करून बघणं शक्य नाही ना?

---

दोनचाकी

पूर्ण बघायची गरज नाही. चार जागा बघायच्या.

पहिली जागा म्हणजे शेपट्या. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यावर कंट्रोलचा ठिपका चुकून पलीकडच्या बाजूला पडला, तर रूट बनवणारं सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे पुढच्या यू-टर्नपर्यंत जातं, परत येतं, ठिपक्याला शिवतं आणि पुन्हा उलट फिरतं. नकाशावर हे एका बारीक शेपटीसारखं दिसतं, दूरून बघितलं तर दिसतच नाही. सापडायचा सोपा मार्ग असा: वळणांची यादी उघडा आणि त्यात 'यू-टर्न' शोधा. तुम्ही मुद्दाम ठरवलेला परतीचा बिंदू सोडून बाकी प्रत्येक यू-टर्न संशयित समजायचा. ठिपका २० मीटर सरकवला की चार-सहा किमीचा फेरा नाहीसा होतो.

दुसरी जागा, सरळ रेघा. जिथे रेघ शेतातून किंवा नदीवरून सरळ जाते तिथे नकाशात रस्ता जोडलेला नाही. प्रत्यक्षात पूल असेलही, पण उपग्रहचित्रात डोळ्यांनी बघितल्याशिवाय धरून चालू नका.

तिसरी, पृष्ठभाग. कोमूट, बीराउटर, ओएसएमअँड ही मार्ग काढणारी सगळी मंडळी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा वापरतात. २००४ पासून स्वयंसेवक तो भरत आले आहेत. रस्ता डांबरी की मातीचा ही नोंद कोणी भरली असेल तरच असते. नोंद नाही म्हणजे डांबरी असा अर्थ होत नाही. अरुंद, नाव नसलेला आणि मोठ्या रस्त्याला समांतर जाणारा तुकडा दिसला की उपग्रहचित्र उघडायचं.

चौथी, चढाई. खाली वेगळी लिहितो.

---

चढउतार

चढाईचं मीच लिहिते. उंचीचे आकडे बहुतेक सेवा भूप्रदेशाच्या डिजिटल मॉडेलवरून घेतात. त्यातलं बहुतेकांनी नाव ऐकलेलं म्हणजे एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेलं मोजमाप. त्याचे चौकोन सुमारे ३० किंवा ९० मीटरचे. अरुंद दरीच्या कडेने रस्ता जात असेल तर एक बिंदू दरीच्या चौकोनात पडतो, पुढचा डोंगराच्या. प्रत्यक्षात सपाट असलेल्या रस्त्यावर कागदोपत्री करवतीच्या दात्यांसारखे चढउतार येतात आणि एकूण चढाई फुगते. बोगदा असेल तर सेवा तुम्हाला डोंगराच्या माथ्यावरून नेते.

म्हणून आलेख उघडून २०-२५ टक्क्यांचा सुळका दिसला तर आधी तिथे बोगदा, पूल किंवा दरी आहे का ते बघा. दोन वेगळ्या सेवांचे आकडे १०-२० टक्क्यांनी वेगळे येणं नेहमीचंच. आकड्यापेक्षा चढ कुठल्या किमीला सुरू होतो आणि किती लांब आहे हे जास्त कामाचं. ते कागदावर लिहून घ्या.

हवेच्या दाबावर उंची मोजणाऱ्या यंत्रांना खाली बारीक छिद्रं असतात. पावसाचं पाणी किंवा घाम तिथे साचला की उंचीचा आकडा गोठतो किंवा भरकटतो. तिथे टोकदार काही खुपसू नका. नुसतं झटका आणि साध्या पाण्याने धुवा.

---

रात्रपाळी

जाऊन-येऊन एकाच रस्त्याची फाईल असेल तर ती परतीच्या बिंदूवर तोडून दोन फाईली करा. हे फार महत्त्वाचं आहे. दोन्ही रेघा एकावर एक असताना तुम्ही पाणी भरायला रस्ता सोडलात आणि परत आलात, तर यंत्र तुम्हाला जातानाच्या रेघेवर बसवेल की परतीच्या, सांगता येत नाही. परतीच्या रेघेवर बसवलं की ते मागे फिरा म्हणत राहतं. इंग्रजी आठसारखा मार्ग स्वतःलाच छेदतो तिथेही हीच गत.

सुरुवात आणि शेवट एकाच जागी असेल तर काही यंत्रं निघतानाच 'मुक्काम आला' म्हणतात. शेवटचे २००-३०० मीटर कापून टाका.

१०० किमीच्या आसपास तुकडे पाडण्याचा आणखी एक फायदा: यंत्र मध्येच बंद पडून सुरू झालं तर छोटी फाईल पटकन उघडते, आणि 'पुढच्या कंट्रोलला किती राहिलं' हा आकडा समोर दिसतो. फाईलींना नाव देताना आधी क्रमांक टाका, ०१, ०२, ०३. यंत्राची यादी नावाप्रमाणे लागते आणि रात्री तीन वाजता डोकं चालत नाही.

---

रेघोटी

मोबाईल पुरेल का? की वेगळा सायकल कॉम्प्युटर हवाच?

---

वॅटतास

कोरड्या हवेत, दिवसा, रोज चार्जिंग मिळणाऱ्या टूरला मोबाईल पुरतो. पावसात मात्र टचस्क्रीनवर थेंब पडले की त्यांनाच ती बोट समजते, नकाशा आपोआप सरकतो, झूम होतो. ओल्या हातमोज्याने काही दाबता येत नाही. बटणांच्या कॉम्प्युटरचा हा खरा फायदा आहे, बाकी सगळं नंतर.

दुसरं कारण ऊर्जेचं. हिशोब वॅट-तासांत करा, एमएएचमध्ये नको, कारण व्होल्टेज वेगळं असतं.

५००० एमएएचचा मोबाईल म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. १०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ३७ वॅट-तास, पण ५ व्होल्टला चढवताना आणि वायरमध्ये गळती होऊन हातात २८-३० येतात. म्हणजे मोबाईल दीड वेळा, दोन-अडीच वेळा नाही. सायकल कॉम्प्युटरची बॅटरी साधारण ४-५ वॅट-तासांची असते, त्याच पॉवर बँकेवर तो पाच-सहा वेळा भरतो. स्क्रीन सतत चालू ठेवून नकाशा दाखवणारा मोबाईल अर्ध्या दिवसात झोपतो आणि मग फोन करायलाही उरत नाही.

माझं मत: नकाशाला कॉम्प्युटर. मोबाईल एअरप्लेन मोडवर, ऑफलाइन नकाशा आणि तीच फाईल आत भरून, बॅगेत. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, एअरप्लेन मोडमध्येही जागा समजते. फक्त नकाशाचा तुकडा आधी उतरवलेला हवा, आणि तो उतरला आहे याची खात्री घरीच नेट बंद करून करायची.

---

मधला_आरा

पॉवर बँकेबद्दल दोन अडचणी नेहमी येतात.

एक, टेललाइटसारखी छोटी वस्तू फार कमी करंट ओढते. पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती काही वेळाने बंद होते. सकाळी बघावं तर लाइट तसाच रिकामा. दोन पोर्टांच्या बँकेवर मोबाईलसोबत लावला की बहुधा चालतं.

दोन, काही हेडलाइट चार्ज होत असताना पेटतच नाहीत. विकत घेण्याआधी हे विचारा.

आणि पावसात चालताचालता चार्ज करायचं असेल तर वायरला पोर्टच्या खाली एक झोल ठेवा. पाणी वायरवरून ओघळत झोलाच्या तळाशी येतं आणि तिथूनच टपकतं. वायर वरून सरळ पोर्टात गेली तर तेच पाणी पोर्टात शिरतं. ओलावा आणि करंट एकत्र आले की पिना हिरव्या-काळ्या पडतात आणि ते पोर्ट पुढे कायमचं लहरी होतं. जोराच्या पावसात वायर काढून रबरी झाकण बसवणं हेच बरं, चार्जिंग थांब्यावर करा.

---

उतारावर

डायनॅमो हब (चाकाच्या मध्यात बसून वीज बनवणारा) लावला की हे सगळे हिशोबच संपतात, नाही का?

---

वॅटतास

संपत नाहीत, बदलतात. हब डायनॅमो साधारण ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो. दिव्याला हे उत्तम: चाक फिरतंय तोवर उजेड, आणि चांगल्या दिव्यात कपॅसिटर असल्याने थांबल्यावरही मागचा-पुढचा काही मिनिटं राहतो. चार्जिंगचं वेगळं आहे. चढावर ८-१० च्या वेगाने यूएसबीला पुरेशी वीज निघत नाही, करंट सुरू-बंद होत राहतो आणि कित्येक मोबाईल दरवेळी स्क्रीन पेटवून 'चार्जिंग सुरू' दाखवतात. त्यात भरण्याऐवजी खर्चच होतो. म्हणून डायनॅमोने पॉवर बँक भरायची आणि बँकेवरून बाकीचं. रात्री दिवा आणि चार्जर एकाच वेळी चालवले तर दोघांचीही उपासमार. रात्री दिवा, दिवसा चार्जिंग.

डोंगराळ मार्गावर तासाचा सरासरी वेग १५ च्या खाली असेल तर २०,००० एमएएचची बँक आणि बॅटरीवरचे दोन हेडलाइट हा जास्त भरवशाचा उपाय, असं मी म्हणेन.

---

रात्रपाळी

कागदाला विसरू नका. वळणांची यादी छापून प्लास्टिकच्या पिशवीत हँडलवर. त्यात एकूण किमी आणि मागच्या वळणापासूनचे किमी, दोन्ही रकाने हवेत.

यादी वापरायची तर मीटर खरा हवा. चाकाच्या सेन्सरला परीघ सांगावा लागतो. ७०० × २५ टायरला २१०५ मिमी, ७०० × २८ला २१३६, ७०० × ३२ला २१५५ हे नेहमीचे आकडे. टायर ३२चा घातला आणि मीटरमध्ये २१०५ राहिलं तर खऱ्या १०० किमीला मीटर ९७.७ दाखवेल. दोन किमीच्या अलीकडे-पलीकडे दोन गल्ल्या असतील तर वळण गेलं. नेमकं हवं असेल तर व्हॉल्व्ह जमिनीकडे ठेवून खूण करा, सायकलवर बसून कोणाला तरी धरायला सांगून चाक तीन फेरे पुढे न्या, पुन्हा खूण करा, अंतर मोजून तीनने भागा. बसूनच मोजायचं, वजनाने टायर दबतो.

---

ठिगळ

सामानाकडे वळूया. सर्वांत आधी पंक्चर, कारण तेच सर्वांत जास्त होतं आणि तेच सर्वांत घाईत चुकीचं काढलं जातं.

ट्यूब बदलण्याआधी कारण शोधा. ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवरच्या नावाच्या अक्षरांसमोर होता हे लक्षात ठेवा (बसवतानाच नाव व्हॉल्व्हसमोर आणायचं). मग ट्यूब फुगवून भोक सापडलं की ते टायरवर कुठे येतं ते लगेच कळतं.

भोक बाहेरच्या बाजूला असेल तर टायरमध्ये काटा, काच किंवा तार आहे. ट्रकच्या टायरमधून पडणारी केसासारखी बारीक तार डोळ्यांना दिसत नाही. टायर आतून उलटा करून कापडाने पुसत न्या, तार कापडाला अडकते. नुसतं बोट फिरवलं तर बोट कापतं. तार बाहेरून चिमट्याने ओढा.

शेजारीशेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब टायर आणि रिमच्या दोन्ही कडांमध्ये चिमटली. आतल्या बाजूला, रिमकडे भोक असेल तर रिम टेप (रिमच्या आतली, आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे. तशीच नवी ट्यूब घातलीत तर ती दहा किमीत जाणार. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर ठिगळ लागत नाही, ट्यूब टाकून द्या.

ठिगळ लावताना सोल्युशन पातळ, पॅचपेक्षा मोठ्या गोलात, आणि त्याची चमक जाईपर्यंत थांबा. तीन ते पाच मिनिटं. ओल्यावर लावलेलं ठिगळ निघणारच. ट्यूबच्या जोडाची उंच रेघ भोकाजवळ असेल तर ती आधी घासून सपाट करा, तिच्याखालूनच हवा जाते. सोल्युशनची एकदा उघडलेली ट्यूब काही महिन्यांत आतल्या आत वाळते, म्हणून मोठ्या राईडला न फोडलेलीच न्या.

---

उतारावर

पंपाच्या नळीला आटे असतील तर एक सांभाळा. प्रेस्टा (बारीक, लांब) व्हॉल्व्हवरून नळी सोडवताना व्हॉल्व्हचा कोअरही (आतला सुटा भाग) तिच्यासोबत फिरून निघतो आणि भरलेली सगळी हवा जाते. कोअर घरीच पान्याने घट्ट करून ठेवा.

सीओ२ काडतूस चालतं, पण तो वायू ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा लवकर निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाने पुन्हा भरायची. नुसत्या काडतुसांवर निघू नका, पंप हवाच.

---

चढउतार

टायरच फाटला तर?

---

ठिगळ

आतून बूट, म्हणजे फाटलेल्या जागी आधाराचा तुकडा. जुन्या रोड टायरचा ५-६ सेमी तुकडा, कडेची तार कापून, कडा तासून पातळ केलेला. सर्वांत चांगला. नसेल तर टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी भरा आणि तो टायर पुढे असेल तर मागच्या चाकावर न्या.

---

मधला_आरा

बाकीच्या बिघाडांवर एकेक.

आरा तुटणे. मागच्या चाकात जास्त, आणि तुटतो तो बहुधा हबजवळच्या वाकलेल्या डोक्यापाशी. कॅसेटच्या (मागच्या दातेरी चाकांचा गठ्ठा) बाजूचा असेल तर कॅसेट काढल्याशिवाय नवा घालता येत नाही, म्हणून धाग्याचा आपत्कालीन आरा न्यावा, तो हबच्या भोकातून ओवून बांधता येतो. काहीच नसेल तर तुटलेला आरा शेजारच्या आऱ्याला गुंडाळा किंवा काढून टाका. उजवा आरा तुटला की रिम डावीकडे ओढली जाते. त्याच्या दोन्ही शेजारचे डावे आरे अर्धा-अर्धा फेरा सैल करा. रिम ब्रेकला घासत असेल तर ब्रेक उघडा, आणि मग दुसऱ्या ब्रेकवर सावकाश. डाव्या-उजव्या आऱ्यांची लांबी वेगळी असते, सुटे नेताना दोन्ही न्या.

गिअरची केबल. शिफ्टरच्या (गिअर बदलायची कळ) आत, केबलच्या डोक्याजवळ एकेक तार तुटत जाते. लक्षण: व्यवस्थित लावलेले गिअर दोन-तीन दिवसांत पुन्हापुन्हा बिघडतात. अशा वेळी बॅरल (केबलचा ताण जुळवायचा स्क्रू) फिरवत बसू नका, केबल बदला. पूर्ण तुटल्यावर डोकं आत अडकलं तर शिफ्टर सगळ्यात छोट्या दातेरी चाकावर आणून ते बाहेर पडतं का बघा. मागची केबल तुटली की चेन सर्वांत छोट्या चाकावर जाते आणि चढ अशक्य. उरलेली केबल हाताने ओढून डिरेलर (चेन सरकवणारा भाग) मधल्या चाकावर आणा आणि केबल बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टखाली दाबून घट्ट करा. एक गिअर, पण चालवता येण्याजोगा.

डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा. सायकल उजव्या बाजूला पडली तर तो वाकतो, आणि पुढे मोठ्या चाकावर गिअर टाकताच डिरेलर आऱ्यांत जातं. पडल्यावर मागून बघून घ्या आणि सर्वांत हलका गिअर हळूच तपासा. सुटा हँगर सोबत हवा, वाटेतल्या दुकानात तुमच्या फ्रेमचा मिळेल या आशेवर राहू नका.

चेन. ११-१२ स्पीडला ०.५ टक्के ताणली की बदला, ८ ते १० स्पीडला ०.७५. जोडकडी चेनच्या स्पीडचीच लागते, १०ची ११ला बसत नाही. दोन न्या, वजन नगण्य.

डिस्क ब्रेकचे पॅड. ओल्या मातीत रेझिन पॅड एका राईडमध्ये संपू शकतात. आवरण ०.५ मिमी राहिलं की बदलायचे. चाक काढलेलं असताना ब्रेक दाबला तर पॅड चिकटतात, म्हणून बॅगेत सायकल भरताना पॅडच्या मधे स्पेसर (अंतर राखणारा तुकडा).

---

रेघोटी

कॅरियर आणि पॅनियर (कॅरियरला बाजूने अडकवायच्या बॅगा) लावणार आहे. काय बघू?

---

दोनचाकी

बोल्ट. कॅरियरचे बहुतेक एम५ असतात, ४ मिमीच्या अॅलन कीचे. हादऱ्यांनी सुटतात. निळ्या लॉकटाइटचा (आटे धरून ठेवणारा गोंद) थेंब लावा, पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा आवळा, नंतर रोज सकाळी हात लावून बघा. दोन सुटे बोल्ट पिंजऱ्यावर नुसते फिरवून ठेवले तर हरवत नाहीत.

पॅनियर इतकी मागे बसवा की पेडल मारताना टाच लागणार नाही. जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या आसाजवळ. लटकणारा एकही पट्टा राहू देऊ नका, आऱ्यांत गेला तर चाक अडतं. पूर्ण सामान लादून किमान ५० किमी, त्यात एक उतार, चालवून बघा. भरलेली सायकल उताराला थरथरते का ते रिकाम्या सायकलवर कळत नाही.

---

चढउतार

रस्त्याबद्दल एक राहिलं: चौकात उभं राहिल्यावर यंत्रातला दिशेचा बाण गरगर फिरतो. बरीच यंत्रं दिशा जीपीएसवरून काढतात, आणि त्याला हालचाल लागते. उभ्या सायकलवर त्या बाणाला अर्थ नाही. १५-२० मीटर कुठल्याही एका रस्त्याने जा, बाण स्थिरावला की ठरवा. आणि 'मार्ग सोडला' असं आलं तर पुढे कुठेतरी मिळेल म्हणून रेटू नका. जिथे शेवटची खात्री होती तिथे परत या. रात्री स्क्रीनचा उजेड १०-२० टक्क्यांवर, नाहीतर नजर वर केली की रस्ता काळाकुट्ट दिसतो.

---

रेघोटी

शेवटचा प्रश्न. सुटी ट्यूब सॅडल बॅगेत हत्यारांसोबत ठेवली तर चालेल?

---

ठिगळ

नाही. अॅलन कीच्या कोपऱ्याशी दिवसभर घासून ट्यूबला न वापरताच भोक पडतं. व्हॉल्व्हला टोपी लावा, थोडी टाल्कम पावडर चोळा, झिपच्या पिशवीत घालून ती जुन्या मोज्यात सरकवा. तोच मोजा नंतर चेनला हात लावताना हातमोजा म्हणून चालतो. आणि वर्षातून दोनदा बाहेर काढून फुगवून रात्रभर ठेवा, घडीच्या जागी चिरा पडलेल्या असतात.